सिस्टरवर उठलेला हात

हिब्रू भाषेत नर्सला 'आखोत' म्हणतात, आणि आखोत म्हणजे बहीण. आपण मुंबईत होतो तेव्हा इस्पितळात नर्स दिसली की 'सिस्टर' अशीच हाक मारीत होतो. देश बदलला, भाषा बदलली, पण नाते तेच राहिले. आपल्या समाजातल्या कितीतरी मुली नर्सिंगला गेल्या. रात्रपाळी करून सकाळी घरी आलेली, पाय सुजलेली मावशी किंवा आत्या आपल्यापैकी अनेकांनी पाहिली आहे. वॉर्डात काय झाले हे मात्र ती घरी कधी सांगत नसे. फार विचारले तर म्हणे, "चालायचंच. पेशंट आजारी असतो."

बहिणीवर हात उगारणे आपल्याकडे मोठे पाप मानतात. तरीही जगभरच्या इस्पितळांत या बहिणींना रोज शिवीगाळ होते. कोणी ढकलतो, कोणी थुंकतो, कोणी चावतो, कोणी हात पिरगाळतो. जागतिक आरोग्य संघटना सांगते की आरोग्यसेवेत काम करणाऱ्यांपैकी ८ ते ३८ टक्के लोकांना नोकरीच्या काळात केव्हा ना केव्हा मारहाण सोसावी लागते. ८ आणि ३८ या आकड्यांत अंतर फार आहे. देशोदेशीची परिस्थिती निराळी हे त्याचे एक कारण. दुसरे असे की पुष्कळ ठिकाणी या गोष्टी कोठे लिहिल्याच जात नाहीत, आणि जे लिहिले नाही ते मोजणार कसे?

या दुसऱ्या कारणाच्या मागे एक नर्स लागली. ती न्यूझीलंडची. तो देश आपल्यापासून फार दूर आहे, तरी तिची हकीगत आपल्या घरच्या हकीगतीसारखीच वाटते. म्हणून ती आज सांगावीशी वाटली.

मताचा हक्क आणि नर्सेसची यादी

न्यूझीलंड हा ऑस्ट्रेलियाच्याही पलीकडचा, दोन मोठ्या बेटांचा देश. लोकवस्ती सुमारे ५० लाख, आणि त्यात यहुदी लोक अगदी थोडे. पण त्या देशाच्या इतिहासात एका यहुदी माणसाचे नाव ठळक आहे. ते म्हणजे सर ज्यूलियस व्होगेल. १८३५ साली लंडनमध्ये जन्मलेले हे गृहस्थ १८७३ साली न्यूझीलंडचे पंतप्रधान झाले. स्त्रियांना मताचा हक्क द्यावा असे विधेयक त्यांनी १८८७ साली संसदेत मांडले, पण ते पास झाले नाही. पुढे १८८९ साली त्यांनी एक कादंबरी लिहिली. तिच्यात इ.स. २००० सालचे जग कल्पिले होते आणि त्या जगात स्त्रिया राज्यकारभाराच्या मोठ्या जागांवर बसल्या होत्या. त्या काळी लोकांना ती थट्टा वाटली असेल. पण १९ सप्टेंबर १८९३ रोजी न्यूझीलंडने सर्व स्त्रियांना मताचा हक्क दिला. असे करणारा तो जगातला पहिला देश. त्या चळवळीच्या पुढारी केट शेपर्ड या ख्राइस्टचर्च शहरात राहत. हे शहर वाचकांनी लक्षात ठेवावे, कारण पुढे आपल्याला तिथेच जायचे आहे.

त्याच १८९३ साली ग्रेस नील नावाची एक विधवा बाई न्यूझीलंडला आली. तिचा जन्म १८४६ सालचा, एडिंबरोचा. नर्सिंगचे शिक्षण तिने लंडनला घेतले होते. नवऱ्याबरोबर ती ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला आली. तिथे नवरा वारला, तेव्हा वर्तमानपत्रात लिहून तिने मुलाला वाढवले. न्यूझीलंडमध्ये १८९४ साली ती कारखान्यांची निरीक्षक झाली. या जागेवर नेमलेली ती तिथली पहिली स्त्री. पुढच्याच वर्षी तिच्याकडे इस्पितळांच्या तपासणीचे काम आले. कारखान्यात किती तास काम होते, हवा कशी आहे, मुलींना बसायला जागा आहे की नाही, हे पाहून लिहून काढणे हे तिचे काम होते. तीच नजर घेऊन ती इस्पितळात गेली.

तिथे तिला दिसले की नर्स कोणाला म्हणावे हेच ठरलेले नाही. तीन वर्षे शिकलेली बाईही नर्स आणि काल झाडू सोडून आलेली बाईही नर्स. १८९९ साली लंडनच्या एका आंतरराष्ट्रीय परिषदेत ग्रेस नील यांनी सांगितले की सरकारने नर्सेसची यादी ठेवावी, परीक्षा घ्यावी आणि जी पास होईल तिचे नाव त्या यादीत लिहावे. खुद्द फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा अशा नोंदणीला विरोध होता. नर्सचा चांगुलपणा परीक्षेने मोजता येत नाही असे त्यांना वाटे. तरी १२ सप्टेंबर १९०१ रोजी न्यूझीलंडच्या संसदेने कायदा केला. केवळ नर्सेसच्या नोंदणीसाठी स्वतंत्र कायदा करणारा तो पहिला देश ठरला. १० जानेवारी १९०२ रोजी यादीतले पहिले नाव लिहिले गेले : एलन डोहर्टी. इंग्लंडला असा कायदा करायला १९१९ साल उजाडले. आपल्या हिंदुस्थानात इंडियन नर्सिंग कौन्सिलचा कायदा झाला तो १९४७ साली.

१९०८ साली हेस्टर मॅक्लीन या मेट्रनबाईंनी 'काय टियाकी' नावाचे नर्सेसचे नियतकालिक काढले. हे शब्द तिथल्या मूळच्या माओरी लोकांच्या भाषेतले आहेत आणि त्यांचा अर्थ राखण करणारा, सांभाळ करणारा असा आहे. म्हणजे नर्सला यादीत नाव मिळाले आणि लिहायला नियतकालिकही मिळाले.

पण एक गोष्ट राहून गेली. नर्स कोण, हे यादीने सांगितले. वॉर्डात त्या नर्सला काय सोसावे लागते, हे लिहायला मात्र कोठे जागा नव्हती. कारखान्यातल्या यंत्रात बोट सापडले तर तो अपघात. रोग्याने नर्सचे बोट चावले तर तो नोकरीचा भाग! शिस्त अशी की मेट्रनसमोर रडायचे नाही, डॉक्टरसमोर बोलायचे नाही. हा रिवाज लंडनहून मुंबईला आला तसाच न्यूझीलंडलाही गेला, आणि पुढे शंभर वर्षे टिकला.

मियून आणि राग

आता ख्राइस्टचर्चला जाऊ. दक्षिण बेटावरचे हे सर्वांत मोठे शहर. तिथले इस्पितळ १८६२ सालचे. एका बाजूला एव्हन नदी आणि दुसऱ्या बाजूला हॅग्ली पार्क नावाचे मोठे मैदान. इस्पितळाच्या आवारात नर्सेसच्या स्मरणार्थ बांधलेले एक छोटे प्रार्थनामंदिर आहे. पहिल्या महायुद्धात, २३ ऑक्टोबर १९१५ रोजी, 'मार्केट' नावाचे जहाज शत्रूने टॉर्पेडोने बुडवले. त्यात न्यूझीलंडच्या दहा नर्सेस गेल्या. इस्पितळाचे कर्मचारी ज्या जहाजावर होते त्याच जहाजावर फौज आणि दारूगोळाही होता, म्हणून त्याला इस्पितळी जहाजाचे संरक्षण नव्हते. त्या दहांपैकी ज्या या इस्पितळाच्या होत्या त्यांची आठवण त्या मंदिरात जपली आहे.

या शहराने आमच्या डोळ्यांदेखत दोन मोठी संकटे पाहिली. २२ फेब्रुवारी २०११ रोजी भरदुपारी भूकंप झाला आणि १८५ माणसे मेली. इस्पितळही हादरले, पण तातडीचा विभाग चालू राहिला. मग १५ मार्च २०१९ रोजी, शुक्रवारी नमाजाच्या वेळी, एका माथेफिरूने दोन मशिदींत गोळीबार करून ५१ माणसांचा जीव घेतला. जखमींना याच इस्पितळात आणले. दुसऱ्या दिवशीच्या शब्बाथला न्यूझीलंडमधली सिनेगॉग बंद ठेवण्यात आली. अशा दिवशी सगळे लोक नर्सेसना देवदूत म्हणतात, फुले आणून देतात.

पण इतर दिवशी काय? साध्या शनिवारी रात्री दोन वाजता काय?

तातडीच्या विभागाला हिब्रूत 'मियून' म्हणतात. मियून म्हणजे निवड करणे, वर्गवारी लावणे. मुंबईत आपण त्याला कॅज्युअल्टी म्हणत होतो. हिब्रू शब्द जास्त नेमका आहे, कारण तिथे पहिले काम वर्गवारीचेच असते, आणि ते नर्स करते. न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियात रोग्यांचे पाच वर्ग पाडतात. पहिल्या वर्गाच्या रोग्याला त्याच क्षणी पाहायचे. दुसऱ्याला १० मिनिटांत, तिसऱ्याला अर्ध्या तासात, चौथ्याला एका तासात आणि पाचव्याला दोन तासांत पाहावे असा नियम आहे. गर्दी झाली की नियम नियमाच्या जागी राहतो आणि माणसे चार-चार, सहा-सहा तास बसून राहतात.

बाकावर बसलेल्या माणसाला हे वर्ग दिसत नाहीत. त्याला एवढेच दिसते की आपण आठ वाजता आलो आणि दहा वाजता आलेल्या माणसाला आत नेले. त्या माणसाच्या छातीत कळ आली आहे हे त्याला माहीत नसते. त्याची आई खुर्चीत कण्हत असते. त्यात कोणी दारू प्यालेला, कोणी नशा केलेला. सगळा राग निघतो तो समोर दिसणाऱ्या पहिल्या माणसावर. डॉक्टर आत असतो, अधिकारी घरी झोपलेला असतो, मंत्री राजधानीत असतो. समोर असते ती आखोत.

एका महिन्याची नोंद

ख्राइस्टचर्च इस्पितळाच्या या विभागात डॉ. सॅन्ड्रा रिचर्डसन या नर्स काम करीत. त्यांची 'डॉक्टर' ही पदवी विद्यापीठाची, म्हणजे पीएच.डी.ची. त्या नर्सच होत्या आणि विभागात राहूनच संशोधन करीत होत्या. बाहेरून प्रश्नपत्रिका घेऊन आलेला संशोधक एक गोष्ट पाहतो आणि रात्रपाळी केलेली बाई दुसरी पाहते. रिचर्डसन यांना ठाऊक होते की विभागात जे घडते आणि कागदावर जे येते त्यांत फार तफावत आहे.

त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, ज्यांत नर्सही होत्या आणि डॉक्टरही, एक साधी गोष्ट केली. एक महिना ठरवला आणि विभागातल्या सगळ्यांना सांगितले की या महिन्यात शिवीगाळ, धमकी, धक्काबुक्की, मारहाण, जे होईल ते सांगा, लिहा. लहान म्हणून सोडू नका. मग त्या महिन्यात पुढे आलेल्या घटना आणि एरवी इस्पितळाच्या रीतसर पद्धतीने कळवल्या जाणाऱ्या घटना शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या. दोन्हींचा मेळ बसेना. रीतसर कागदांवर जे येत होते ते खऱ्या प्रकाराच्या मानाने फारच थोडे होते. २०१८ साली हा अभ्यास 'न्यूझीलंड मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झाला. तातडीच्या विभागातली हिंसा कमी कळवली जाते आणि तिची कदरही कमी केली जाते, असे त्याच्या मथळ्यातच सांगितले होते.

नर्सेस लिहीत का नाहीत? जगभर जी कारणे सांगितली जातात ती आपल्यालाही ओळखीची वाटतील. पहिले, वेळ नाही. पाळी संपताना फॉर्म भरायचा म्हणजे अर्धा तास घरी उशीर. दुसरे, लिहून काय होणार? मागे लिहिले होते, त्याचे उत्तर आले नाही. तिसरे, वरिष्ठ म्हणतील की हिला पेशंट सांभाळता येत नाही. आणि चौथे, आपल्या मावशीचे तेच वाक्य : चालायचंच, पेशंट आजारी असतो.

हे चौथे कारण सर्वांत अवघड, कारण ते दयेतून आलेले आहे. स्मृतिभ्रंश झालेला म्हातारा माणूस नर्सला मारतो तेव्हा तो तिला मारीत नसतो. त्याला वाटत असते की कोणी परका माणूस आपले कपडे काढतो आहे. साखर एकदम उतरली, डोक्याला मार लागला, ताप मेंदूत गेला, तरी माणूस भांडू लागतो. अशा माणसाविरुद्ध तक्रार कशी करायची? कोणतीही चांगली नर्स हाच विचार करील.

पण नोंद म्हणजे तक्रार नव्हे. आपल्यापैकी ज्यांनी ससूनच्या किंवा दुसऱ्या गिरण्यांत आणि रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये काम केले त्यांना हे लवकर पटेल. यंत्रात हात सापडला की अपघाताची नोंद होत असे. ती नोंद यंत्राला शिक्षा करण्यासाठी नव्हती. उद्या दुसऱ्याचा हात सापडू नये म्हणून यंत्राला जाळी बसवावी, यासाठी होती. म्हाताऱ्याला दोष द्यायचा नाही. पण त्याने तीन रात्रींत तिघींना मारले हे कागदावर असेल तर चौथ्या रात्री त्याच्याजवळ एकटी नवशिकी मुलगी पाठवली जाणार नाही. त्याचे औषध तपासले जाईल, दिवा चालू ठेवला जाईल, त्याच्या मुलीला बोलावले जाईल. त्यात त्या म्हाताऱ्याचेही भलेच आहे.

रिचर्डसन यांचे पुढारीपण मला इथे दिसते. त्यांनी मोर्चा काढला नाही की कोणावर आरोप केला नाही. आपल्याच सोबतिणींना त्यांनी पटवले की तुम्ही सोसता ते लिहिण्याजोगे आहे. हे पटवणे सोपे नसते, कारण सोसणे हाच ज्यांच्या कामाचा मोठेपणा मानला गेला, त्यांना "हे सोसू नका" म्हटले तर आपल्या कामाचाच अपमान होतो आहे असे वाटते.

नोंद झाल्यावर काय होते

नोंदी जमल्या की त्यांतून चित्र दिसू लागते. कोणत्या वारी, कोणत्या तासाला प्रकार जास्त होतात, दारापाशी होतात की आतल्या खोलीत, वाट पाहण्याने होतात की नशेने. त्यावरून पहारेकरी कोणत्या वेळी हवा, कोणते दार बंद ठेवावे, मदतीची घंटा कोठे बसवावी, बाकावर बसलेल्यांना कोणी समजावून सांगावे, हे ठरवता येते. नोंद नसेल तर वरचा अधिकारी सहज म्हणू शकतो, "आमच्याकडे असे काही घडत नाही," आणि तो खोटे बोलतो असेही म्हणता येत नाही, कारण त्याच्यासमोरचा कागद कोराच असतो.

न्यूझीलंडमध्ये अशा नोंदीला कायद्याचे बळ आहे. १९ नोव्हेंबर २०१० रोजी तिथल्या पाइक रिव्हर कोळशाच्या खाणीत स्फोट होऊन २९ माणसे गेली. त्या दुःखातून कामाच्या जागेच्या सुरक्षिततेचा नवा कायदा २०१५ साली झाला आणि एप्रिल २०१६ पासून लागू झाला. खाण असो की इस्पितळ, कामगाराच्या शरीराची आणि मनाची काळजी घेणे हे मालकाचे कर्तव्य आहे, कामगारांना आपले सुरक्षा प्रतिनिधी निवडता येतात, आणि जिवाला मोठा धोका दिसला तर काम थांबवता येते, असे तो कायदा सांगतो. शिवाय १९७४ सालापासून तिथे अपघात भरपाईची सरकारी योजना आहे. चूक कोणाची हे न विचारता जखमी माणसाला उपचार आणि पगाराचा ८० टक्के भाग मिळतो. पण यासाठीही काय झाले ते आधी सांगावे लागते.

एवढे करून प्रश्न सुटला असे समजू नये. १२ जुलै २०१८ रोजी देशभरच्या सरकारी इस्पितळांतल्या नर्सेसनी चोवीस तासांचा संप केला. जवळजवळ तीस वर्षांत असा संप झाला नव्हता. पगार हे एक कारण होते. दुसरे असे की एका पाळीला पुरेशा नर्सेस नसतात. नर्सेस कमी तर वाट पाहणे जास्त, आणि वाट पाहणे जास्त तर राग जास्त. डिसेंबर २०२३ मध्ये सरकारने उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी तातडीच्या विभागांत २०० पर्यंत जादा सुरक्षारक्षक देण्याचे जाहीर केले. (तिकडे डिसेंबरात उन्हाळा असतो.) रक्षक आले हे चांगलेच झाले. पण रक्षक हात धरू शकतो, रांग कमी करू शकत नाही.

मुंबईची आठवण

न नोंदलेली गोष्ट कोठवर जाते हे मुंबईच्या माणसाला सांगावे लागत नाही. अरुणा शानबाग हे नाव आपल्यापैकी कोणी विसरलेले नसेल.

२७ नोव्हेंबर १९७३. परळच्या के.ई.एम. इस्पितळात अरुणा नर्स होती. तिचे लग्न ठरले होते. त्या संध्याकाळी इस्पितळातल्याच एका सफाई कामगाराने तळघरात तिला गाठले, कुत्र्याच्या साखळीने तिचा गळा आवळला आणि तिच्यावर अत्याचार केला. मेंदूला रक्त न पोचल्यामुळे ती जी निपचित झाली ती पुन्हा शुद्धीवर आलीच नाही. आरोपीवर खटला चालला, पण अत्याचाराचा गुन्हा त्यात नव्हता. मुलीची आणि इस्पितळाची अब्रू जाईल म्हणून ती गोष्ट कागदावर आणली गेली नाही. हल्ला आणि चोरी एवढेच गुन्हे राहिले. सात वर्षांची शिक्षा भोगून तो माणूस सुटला. अरुणा मात्र ४२ वर्षे त्याच इस्पितळात अंथरुणावर होती. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने ती वारली.

त्या ४२ वर्षांत तिला कोणी सांभाळले? के.ई.एम.च्या नर्सेसनी. एक पिढी निवृत्त झाली, दुसरी आली, तिसरी आली. ज्यांनी अरुणाला चालताबोलताना कधी पाहिले नव्हते अशा मुलींनी तिला भरवले, न्हाऊ घातले. महापालिकेने तिला दुसरीकडे हलवण्याचे मनात आणले तेव्हा नर्सेसनी कडाडून विरोध केला. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने तिच्या प्रकरणाचा निकाल दिला तेव्हा न्यायमूर्तींनी या सेवेची मुक्तकंठाने स्तुती केली. स्तुती योग्यच होती. पण मन विचारते, १९७३ साली तिचे दुःख पुरतेपणी लिहिले गेले असते तर?

मुंबईतच दुसरी एक गोष्ट घडली, आणि ती घडली आपल्या समाजाला जवळच्या असलेल्या इस्पितळात. कामा इस्पितळ म्हटले की आपल्याला डॉ. जेरुशा झिराड आठवतात. पद्मश्री मिळालेल्या या आपल्या बाईंनी १९४७ पर्यंत त्या इस्पितळाचा कारभार पाहिला. आपल्यापैकी कित्येकांचा जन्म तिथला. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री, ज्या रात्री नरिमन हाऊसवर हल्ला झाला त्याच रात्री, दोन अतिरेकी कामा इस्पितळात शिरले. अंजली कुलथे या नर्स त्या वेळी वीस गरोदर बायांच्या वॉर्डावर होत्या. फाटकावरचे पहारेकरी गोळ्या लागून पडताना त्यांनी खिडकीतून पाहिले. त्यांनी दारे लावून घेतली, वीसही बायांना एका लहान खोलीत नेले आणि रात्रभर सांभाळले. त्यातल्या एकीला कळा सुरू झाल्या, तेव्हा तिला भिंतीच्या कडेकडेने प्रसूतीच्या खोलीत पोचवले.

पुढे कसाबला ओळखायला आणि कोर्टात साक्ष द्यायला त्या पुढे झाल्या. साक्षीला नर्सच्या गणवेशातच जाईन असे त्यांनी सांगितले आणि तशाच गेल्या. डिसेंबर २०२२ मध्ये त्यांनी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढेही आपली हकीगत सांगितली. अतिरेक्याचा हल्ला आणि कॅज्युअल्टीतली धक्काबुक्की यांची बरोबरी होत नाही हे खरे. पण जे पाहिले ते गणवेशात उभे राहून सांगणे आणि ते कागदावर येऊ देणे, हे धैर्य एकाच जातीचे आहे. २०१० साली महाराष्ट्राने आरोग्यसेवेतल्या लोकांवरील हल्ल्यांविरुद्ध कायदा केला. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार रुपयांपर्यंत दंड आहे. पण गुन्हा नोंदला गेला तरच कायद्याचा उपयोग.

आपल्या दारात

आणि इस्राएलमध्ये? इथेही २०११ साली इस्पितळांतल्या हिंसेविरुद्ध कायदा झाला होता. तरी मार्च २०१७ मध्ये होलोनच्या कुपात होलिमच्या दवाखान्यात एका म्हाताऱ्या रोग्याने तोवा कारारो या नर्सला पेटवून दिले. ती जागच्या जागी गेली. देशभरच्या नर्सेसनी काम थांबवले. ज्याने हे केले तो कोणी उनाड पोरगा नव्हता. तो आपल्या वयाचा माणूस होता. हे मला फार टोचते. आपण म्हणतो की आजकालच्या मुलांना धाक राहिला नाही. पण मियूनमध्ये सर्वांत मोठ्या आवाजात ओरडणारे कोण असतात, हे आपण आपल्याशीच विचारून पाहावे.

तेव्हा आपल्या हाती काय आहे? मियूनमध्ये जाताना औषधांची यादी खिशात असावी आणि मनात हे असावे की माझ्या आधी ज्याला नेले त्याची नड माझ्याहून मोठी आहे. किती वेळ लागेल ते विचारायला हरकत नाही, पण आवाज न चढवता विचारावे. घरातले कोणी विसराळू झाले असेल, घाबरून हात उगारत असेल, तर ते लाजेने लपवू नये, नर्सला आधीच सांगावे. बिकुर होलिमला, म्हणजे रोग्याच्या भेटीला जाताना दहा माणसांनी एकदम जाऊ नये. आणि घरातली मुलगी किंवा नात नर्स असेल तर तिला एकदा तरी विचारावे, "आज तुला कोणी काही बोललं का गं?" ती "चालायचंच" म्हणाली तर तेवढ्यावर सोडू नये. तिला सांगावे की लिही.

दर पेसाहला आपण मिसर देशातल्या गुलामीची हकीगत वाचतो. शेमोतच्या पुस्तकाच्या पहिल्याच अध्यायात दोन सुइणी येतात, शिफ्रा आणि पुआ. राजाने त्यांना बोलावून हुकूम केला की इब्री बायांना मुलगा झाला तर त्याला मारून टाका. राजाचा हुकूम मोडणे म्हणजे जिवाशी खेळ. पण त्यांनी परमेश्वराचे भय धरले, मुलांना जिवंत ठेवले, आणि राजाने जाब विचारला तेव्हा त्याच्यासमोर उभ्या राहून उत्तर दिले. त्या राजाला तोरा नुसते 'फारो' म्हणते. एवढ्या मोठ्या मिसरच्या राजाचे नाव तोरामध्ये कोठेही लिहिलेले नाही. त्या दोन सुइणींची नावे मात्र लिहिली आहेत, आणि आपण ती आजही वाचतो.